धरणातलं बेट, पाच माणसं, दोन कोंबड्या आणि एक जीप

आधीच सांगतो, आमचं बेट समुद्रात न्हाय. नारळाची झाडं, निळं पाणी, पांढरी वाळू असलं काय डोक्यात आणू नका. आमचं बेट धरणात हाय, शाहूवाडीकडं आत. पावसाळ्यात धरण भरलं की एका डोंगराला चारी बाजूंनी पाणी वेढतंय आणि डोंगराचं बेट होतंय. मे महिन्यात पाणी उतरलं की एका अंगानं मातीचा लांबलचक दांडा उघडा पडतोय. तेवढे थोडे दिवस बेटावर चाकांवरनं जाता येतंय. धरणाचं नाव मात्र सांगणार न्हाय. तिथल्या धोंडीमामांना शब्द दिलाय. ते म्हणाले, "नाव लिवू नगा, न्हायतर पुढच्या वर्षी समदं कोल्हापूर हितं मटान शिजवाय येईल." आणि कोल्हापूर म्हटल्यावर ते काय खोटं न्हाय.

दुसरं म्हणजे, मी पोरगी हाय. 'सांगतो', 'गेलतो' वाचून गोंधळू नका. आम्ही कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतो. पुण्याच्या लोकांनी हसून घ्यावं आणि पुढं वाचावं.

कोण कोण, आणि कशाला

आम्ही पाच जण होतो. मी मनीषा, घरात मनी. माझा दादा विकास. दादाचे दोन दोस्त, बंड्या आणि सलीम. आणि माझी मैत्रीण शुभा, कारण आईची अट, "आणि एक पोरगी असंल तरच जायचं."

बंड्या तालमीत जातोय. वजन नव्वद किलो, आणि त्यातलं निम्मं त्यानं स्वतःच्या हातानं शिजवून चढवलंय. सलीमचं आमच्या मंगळवार पेठेत गॅरेज हाय. त्यानं एक भंगारातली जीप आणून आठ महिने तिच्यावर काम केलं. इंजिन उतरवलं, पत्रा बदलला, बाटलीसारखा हिरवा रंग मारला, सीटला नवं रेक्झिन घातलं. आता तिच्यावर कावळा बसला तरी सलीम फडकं घेऊन धावतोय. त्या जीपला बाहेर काढायचं म्हणूनच ही सगळी टूर निघाली.

माझं कारण वेगळं होतं. मला जयसिंगपूरच्या एका डेअरीत नोकरी लागलीती. एक जूनला हजर व्हायचं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जायचं, दुधाची तपासणी करायची. डेअरी गाडी देणार, पण ड्रायव्हर देणार न्हाय. गाडी आपली आपण चालवायची. माझ्याकडं लायसन होतं, तीन महिन्यांपूर्वी काढलेलं. पण बाबा म्हणाले, "ड्रायव्हिंग स्कूलमधी ब्रेक मास्तरच्या पायाखाली असतोय. त्याला चालवणं म्हणत न्हाईत. विकास बघू दे. विकास म्हटला हिला गाडी येती, तर जा नोकरीवर. न्हाय म्हटला, तर हितंच पेठेत काय तरी बघू."

पेठेत काय बघणार? झेरॉक्सचं दुकान.

म्हणून मी दादाच्या मागं लागलो. दादा म्हणाला, "बेटावर चल. मोकळं रान हाय. धडकलीस तरी डोंगराला धडकशील, त्याचं काय जात न्हाय."

ठरलं. दोन दिवसांत दादाला दाखवायचं की मला गाडी येती.

शनिवार. निघालो एकदाचे

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. सकाळी पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात गेलो, वंदना झाली, खीर वाटली, घरी येऊन साडी सोडून जीन्स घातली आणि आठ वाजता गल्लीच्या तोंडाला हजर. आईनं खिरीची कडीवाली बरणी हातात दिली आणि बंड्याला बजावलं, "आज पौर्णिमा हाय. आज मटण-बिटण काय न्हाय, सांगून ठेवतो."

बंड्याचं तोंड पडलं. पण तो तयारीत होता. म्हणाला, "काकी, आज न्हायच की. उद्याचं बघतो." आणि जीपच्या मागच्या बाजूचा पडदा वर केला. आत टोपलीखाली दोन जित्या कोंबड्या. "मटण उद्यापर्यंत नासतंय. ह्या नासत न्हाईत."

सलीम कोंबड्यांकडं बघत राहिला. मग नव्या रेक्झिनकडं बघितलं. मग बंड्याकडं.

"घाण केली तर तुलाच शिजवीन."

"टोपलीखाली हाईत की रे भावा! कशाला घाण करतील?"

हे वाक्य लक्षात ठेवायची गरज न्हाय, पुढं काय झालं ते तुम्हाला आत्ताच कळलंय.

मलकापूर गेल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, "दादा, देतोस का आता?"

"हितं ट्रक येतात."

डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. "दादा, आता ट्रक न्हाईत."

"हितं चढ हाय."

सलीम स्टिअरिंगवरनं मागं न बघता म्हणाला, "मॅडम, ही फोर-व्हील हाय. हिला दोन लिव्हर असतात. तुमच्या शाळेच्या गाडीला एकच होता."

"मला मोजता येतंय सलीमभाई."

शुभा खिदळली. मी तिला चिमटा काढला. माझ्या पार्टीची म्हणून आणलीती तिला!

दांड्यावर

पाणी दिसलं तेव्हा सलीमनं आपणच गाडी थांबवली. मोठंच्या मोठं पसरलेलं, कडेला लाल मातीचे पट्टे, जणू कुणीतरी डोंगराला खालनं पट्ट्या-पट्ट्याचं लुगडं नेसवलंय. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी एकदा तिथपर्यंत होतं. आणि मधनं तो दांडा, पार बेटापर्यंत गेलेला.

दांड्याच्या तोंडाला म्हशी राखत धोंडीमामा बसलेले. साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल, हातात काठी.

"पावणं, कुठनं आलासा?"

"कोल्हापूरनं."

"आणि जातासा कुठं?"

"बेटावर. राहायला."

मामांनी जीपकडं बघितलं, बंड्याकडं बघितलं, आमच्या दोघींकडं बघितलं. "घर न्हाय व्हय तुमास्नी?"

त्यांना बेटावरच जायचं होतं, म्हशी त्यांच्या त्या येतात म्हणाले. म्हणून मामांना पुढच्या सीटवर बसवलं. बसताना त्यांनी टॉवेलनं सीट झटकली. स्वतःची धूळ लागू नये म्हणून. सलीम तिथंच त्यांच्यावर फिदा झाला.

दांडा म्हणजे नुसती माती न्हाय. मधी-मधी जुना डांबरी रस्ता वर आलाय. फुटलेला, गाळानं माखलेला, पण रस्ताच. कडेला किलोमीटरचा दगड उभा. त्याच्यावरची अक्षरं पाण्यानं खाल्लीत. दहा महिने ह्या दगडाच्या डोक्यावरनं मासे जातात, आणि हा आपला गावाचं अंतर दाखवत उभा.

"हे आमचं गाव," मामा म्हणाले. "ती शाळा. हे दुकान. सावकाश घ्या पावणं, आमच्या दारातनं चाललाईसा."

आम्हाला तर दगडाच्या चार-चार रांगाच दिसत होत्या. पण मामांनी गाडी थांबवायला लावली, उतरले, चप्पल काढली आणि एका चौकटीत पाय ठेवला. घराला छप्पर न्हाय, भिंत न्हाय, वर्षातनं दहा महिने पाण्याखाली. तरी उंबरा आला की चप्पल बाहेर. मग आम्ही पण काढल्या. मे महिन्यातली दुपार, दगड तव्यासारखे तापलेले. बंड्या एका पायावरनं दुसऱ्या पायावर नाचायला लागला.

"मामा, तुमचं घर लई गरम हाय!"

"म्हणून तर सरकारनं पाणी घाटलं," मामा म्हणाले, आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले.

आमच्या पेठेत कुणी चप्पल घालूनच आत येतंय, सोफ्यावर बसतंय. मी त्या दिवशी ठरवलं, घरी गेल्यावर कुणाला तरी ओरडायचं.

बेट

बेटावर मधी डोंगर, खाली झाडी, आणि कडेनं गवताचा मोकळा माळ. करवंदांची जाळीच जाळी, काळी कुळकुळीत करवंदं लागलेली. आम्ही आल्या-आल्या तोंडं काळी करून घेतली. मामांनी मातीत गव्यांच्या खुरांचे ठसे दाखवले. एकेक ठसा माझ्या दोन पावलांएवढा.

शुभानं विचारलं, "मामा, गवा आला तर काय करायचं?"

"वाट द्यायची."

"आणि वाट न्हाय दिली तर?"

"मग त्यो घेतोय."

तंबू दादानं कुठल्या तरी ट्रेकवाल्या मित्राकडनं आणलावता. पिशवी उघडली तर कापड होतं, दोऱ्या होत्या, खुंट्या होत्या, काठ्या न्हाईत. दादा पिशवी उलटी करून झटकत बसला, जणू आठ फुटी काठ्या कोपऱ्यात अडकल्यात. शेवटी जीपमधी पडलेली उसाच्या ट्रॉलीवरची ताडपत्री कामाला आली. एक टोक जीपला, एक आंब्याच्या झाडाला. आमच्याकडं असंच असतंय. इंपोर्टेड वस्तू आणायची आणि शेवटी ताडपत्रीखाली झोपायचं.

दुपारी पिठलं-भाकरी, ठेचा आणि खीर. मग ज्यासाठी आलोतो ते सुरू झालं. जीप चालवणं.

सलीमनं पहिला राऊंड मारला. आयला, बघण्यासारखं! तिरक्या उतारावरनं जीप अशी निघाली की आता पडती की मग पडती. दगडावर एक चाक, खड्ड्यात एक, आणि सलीम आत बसून पान खाल्ल्यासारखा निवांत. दुसरा राऊंड दादाचा. तिसरा बंड्याचा. मी प्रत्येक वेळी पुढं होऊन उभी.

"बंड्याचा एक होऊ दे, मग तू."

बंड्या चढावर गेला आणि गाडी बंद पडली. परत चालू केली, परत बंद. जीप मागं सरकायला लागली, बंड्या "आई ग" म्हणून ब्रेकवर उभाच राहिला. मी खालनं ओरडलो, "हाफ क्लच! क्लच अर्ध्यात धर आणि मग ॲक्सिलेटर दे!"

"तू गप ग!" तिघं एकदम.

पण पुढच्या वेळी बंड्यानं क्लच अर्ध्यात धरला, आणि जीप चढली. मी बघितलं. दादानं पण बघितलं, पण लगेच डोंगराकडं बघायला लागला.

"आता मी."

"मने, ऊन उतरलंय. आता डोळ्यावर सूर्य येतोय."

"मग गॉगल दे."

"सकाळी. सकाळी पक्कं."

दादाचं मला कळत होतं. दोस्तांसमोर बहिणीनं गाडी पाडली तर काय, ही भीती. आणि त्याहून मोठी भीती, न्हाय पाडली तर काय! बाबांना मग 'व्हय' सांगावं लागणार, आणि मी रोज तीस-चाळीस किलोमीटर एकटी फिरणार. काळजी होती रे त्याला. पण काळजीचं मी काय करू? पगार देत न्हाय कोण तिचा.

कोंबडी पळाली

संध्याकाळी बंड्यानं कोंबड्यांना पाणी पाजायला टोपली उचलली, आणि एक कोंबडी सुटली. सरळ डोंगराकडं! नव्वद किलोचा पैलवान तिच्या मागं. कोंबडी करवंदाच्या जाळीतनं गेली, बंड्या पण जाळीतनं गेला. कोंबडी बाहेर आली तशीच, बंड्या आला तेव्हा बनियनचे दोन भाग झालते.

"उद्याचा रस्सा चाललाय! धरा की रे!"

आम्ही कुठलं धरतोय, आम्हाला हसून उभं राहता येईना. मामांनी मूठभर तांदूळ मागितले. खाली बसले, दाणे टाकले, आणि घशातनं असा काय आवाज काढला की कोंबडी मान वाकडी करत-करत थेट त्यांच्या पुढ्यात. उचलली आणि बंड्याच्या हातात दिली.

"पळून कोंबडी गावती व्हय, पैलवान? बसून गावती."

रानमांजराची भीती म्हणून बंड्यानं रात्रीसाठी दोन्ही कोंबड्या जीपमधी ठेवल्या, पडदे बांधून टाकले. सलीम तेव्हा पाण्याकडं गेलावता. पौर्णिमेचा चंद्र वर आला, धरणाचं पाणी चांदीच्या ताटासारखं झालं, आम्ही खीर संपवली आणि दमून लवकरच झोपलो. गवा काय आला न्हाय. आला असला तर वाट घेऊन गेला असणार.

रविवार. जीप धुतली, म्हणजे धुणार होतो

सकाळी सलीमच्या बोंबेनं जाग आली.

कोंबड्यांनी एका रात्रीत काय केलंतं ते मी लिहीत न्हाय. चहा पीत वाचत असाल. एवढंच सांगतो, आठ महिन्यांचं काम आणि त्यावर दोन कोंबड्यांचं काम. टोपली एका कोपऱ्यात उलटी पडलेली, आणि दोघी ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर शेजारी-शेजारी बसलेल्या, जणू हिरोईनी.

सलीम शिव्या पण देईना. नुसता दगडावर जाऊन बसला. सलीम बोलत न्हाय म्हणजे प्रकरण गंभीर. दादा आणि बंड्यानं एकमेकाकडं बघितलं.

"सल्या, आम्ही धुतो. चकाचक करून देतो. नवी."

आता आमच्याकडं गाडी धुणं म्हणजे काय? बादली-बिदली न्हाय. पंचगंगेवर जायचं, गाडी सरळ पाण्याच्या कडेला घालायची, म्हशी एका बाजूला, टेम्पो एका बाजूला, आणि दे दणादण पाणी. लहानपणापासनं हेच बघितलंय. त्यामुळं दोघांनी एका सेकंदाचा पण विचार केला न्हाय. जीप चालू केली आणि घेतली पाण्याकडं. पाण्याच्या कडेला भेगा पडलेली वाळकी माती, भाजलेल्या पापडासारखी.

नदीवर खाली दगडी घाट असतोय. हितं पापडाच्या खाली काय हाय, हे कुणी बघितलंच न्हाय.

पाण्यापासनं दहा पावलं अलीकडं पापड फुटला. पुढची चाकं गेली खाली, मग मागची. दादानं गाडी फोर-व्हीलला टाकली, गर्रगर्र फिरवली, आणि चारही चाकं सावकाश, अगदी मायेनं, गाळात जाऊन बसली. पायदानाला चिखल लागला. बंड्या उतरला, तो गुडघ्यापर्यंत गेला. तिथनंच म्हणाला, "विक्या, जरा चुकलंच."

सलीम धावत आला. जीपकडं बघितलं, डोक्याला हात लावला आणि शेवटी एकदाचं तोंड उघडलं. ते पण लिहीत न्हाय.

आता काय? मोबाईलला रेंज न्हाय. दगड आणून टाकले, गाळानं गिळले. फांद्या टाकल्या, गिळल्या. सलीम स्टिअरिंगवर, आम्ही चौघं मागं. "हल्ला गुल्ला जोर से!" चाकं जाग्यावर फिरली आणि सगळा चिखल आमच्या तोंडावर. मी आणि शुभा घसरून उताण्या पडलो. उठलो, परत ढकललं, परत पडलो. मग मामा म्हशी घेऊन आले.

बंड्याला कल्पना सुचली. "मामा, म्हशीला दोर बांधूया!"

"तिनं जल्मात काय वढलं न्हाय."

"ताकद हाय की पण!"

बांधला दोर. म्हशीनं दोन पावलं टाकली, मऊ गार चिखल पायाला लागला, आणि बाई तिथंच बसली. मग आडवी झाली. मग डोळे मिटले. सलीमची जीप आणि मामांची म्हैस शेजारी-शेजारी, दोघी चिखलात, एकीला तरी मजा येत होती.

मामा जीपभोवती फिरले, काठी मातीत खुपसली. "पावणं, पाणी उतरलं तरी माती अजून पाण्यातच असती बगा. तिला फसवाय लागतं." दांड्याच्या अलीकडं त्यांची भाताच्या पिंजाराची गंजी होती, म्हशींसाठी रचून ठेवलेली. तिथनं आम्ही डोक्यावरनं पिंजार आणलं. चार खेपा झाल्या. चाकांच्या पुढं दोन पट्टे अंथरले, वर फांद्या, वर परत पिंजार, पार कोरड्या माळापर्यंत.

परत सलीम वर, आम्ही मागं. जीप हलली! एक हात पुढं गेली. आणि परत बसली.

मामांनी आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली, बैलबाजारात फिरवतात तशी. मग काठीनं दाखवलं.

"ह्यो पैलवान मागं. ह्यो बी मागं. मेस्त्री, तुमी बी खाली उतरा, तुमच्या खांद्यात जोर हाय. मी हाय चौथा. आणि ही काडी बसू द्या वर."

काडी म्हणजे मी.

सलीमनं दादाकडं बघितलं. दादानं शुभाकडं बघितलं. शुभा म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस? मला सायकल येत न्हाय." तेव्हा कुठं दादानं माझ्याकडं बघितलं. चिखलात नुसते डोळे दिसत होते त्याचे.

"मने, येईल ना?"

"तू बघायला आणलंस की मला. बघ की."

सलीमनं मला सीटवर बसवलं. "मॅडम, हा मोठा लिव्हर गिअरचा. हा बारका असाच राहू दे, हात लावू नको. दुसऱ्या गिअरवर उचल. एकदम रेस देऊ नको, चाक फिरलं की खड्डा पडला."

"हाफ क्लच."

"व्हय, हाफ क्लच," तो म्हणाला, आणि जीपच्या बॉनेटवरनं एकदा हात फिरवून मागं गेला.

दादा ओरडला, "एकदा निघाली की थांबायचं न्हाय! थांबलीस की बसली! काय बी झालं तरी थांबू नको!"

मी क्लच अर्ध्यात आणला. पायाखाली इंजिन गुरगुरलं, तोच आवाज जरा जड झाला, तिथंच पाय धरला. हेच तर महिनाभर रोज सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी चढावर उभं करून शिकवलंतं. मागनं चौघांचा आवाज आला, "हर हर..." आणि जीप उठली. खरंच सांगतो, म्हैस उठती तशी उठली. आधी मागनं, मग पुढनं. पिंजारावर चाक चढलं, घसरलं, परत चढलं. मी रेस वाढवली न्हाय. दातावर दात धरून तशीच धरली. पिंजार संपत आलं. समोर गवत दिसलं.

"थांबू नको! थांबू नकोऽऽ!"

मग मी थांबलो न्हाय.

माळावर आलो, गिअर बदलला. ताडपत्रीच्या बाजूनं गेलो. मागनं काय तरी ओरडणं ऐकू येत होतं, मला वाटलं शाबासकी चाललीय. आणि खोटं कशाला बोलू, ब्रेक दाबायची माझी छाती पण होईना. हात स्टिअरिंगला चिकटलेले, आणि तोंडावर एवढं हसू की गाल दुखत होते. मामांचं घर आलं, त्याला वळसा घातला. उंबऱ्यावर चाक घालायचं न्हाय एवढं भान होतं. किलोमीटरचा दगड गेला. दांडा आला, दोन्हीकडं पाणी, मधनं मी. वारं असलं भरारा! फुटक्या डांबरावर जीपचा पत्रा खडखड वाजत होता, मी गात होतो का ओरडत होतो ते आठवत न्हाय. दांडा संपला, चढ आला. तिसऱ्याचा दुसरा टाकला, चढलो. थांबलो ते एकदम धरणाच्या काठावरच्या गावात, देवळासमोर. पार आडवा आला म्हणून.

पारावर तिघं बसलेले. मी डोक्यापासनं पायापर्यंत चिखल, जीपला पिंजार लटकलेलं. एकानं विचारलं, "पावणं, एकटंच?"

"बाकीचे येतात चालत," मी म्हणालो. तेव्हा कुठं मला कळलं, मी काय केलंय ते.

त्यांनी मला चहा पाजला. दुसरा पण पाजला. तिसऱ्याला पाणी ठेवलंतं, तेव्हा ते आले. तीन किलोमीटर, भर उन्हात, सगळा संसार डोक्यावर घेऊन. पुढं शुभा कॅमेरा घेऊन, ती एकटीच हसत. मग सलीम डोक्यावर ताडपत्री घेऊन. मग बंड्या, दोन्ही काखांत एकेक कोंबडी. रविवारचा रस्सा राहिलाच. शेवटी दादा, दोन्ही हातांत भांडी. चिखल वाळून सगळे मातीच्या मूर्तीगत झालते, बोलले की तोंडाभोवती भेगा पडत होत्या.

"थांबायचं न्हाय व्हय ग!" बंड्या लांबनंच.

"दादाच म्हणाला, काय बी झालं तरी थांबू नको."

"अगं गाळातनं निघेपर्यंत!"

"ते त्यानं सांगितलंच न्हाय."

पारावरची माणसं दादाकडं बघायला लागली. दादानं भांडी खाली ठेवली. सलीम जीपभोवती फिरला. चारही चाकं बघितली, खाली वाकून बघितलं, पत्र्यावरनं हात फिरवला. कुठं पोचा न्हाय, ओरखडा न्हाय. उभा राहिला आणि किल्लीसाठी हात पुढं केला. मी किल्ली दिली. त्यानं ती बघितली, परत माझ्या हातात ठेवली.

"माझ्या खांद्यात जीव न्हाय आता," म्हणाला. "चालवा मॅडम."

दादा मागं जाऊन बसला. कोंबड्यांशेजारी, त्यांनीच घाण केलेल्या सीटवर. मी आरशात बघितलं तर तो बाहेर बघत होता. म्हणाला, "मलकापुरात ट्रक असतात. कडेनं घे."

घेतलं कडेनं. ट्रक आले, यष्टी आली, शेळ्यांचा कळप आला. माझ्या शेजारी बसलेला सलीम पहिली दहा किलोमीटर हवेत ब्रेक दाबत होता, मग झोपला. ज्याची जीप तो झोपला, ह्याहून मोठं सर्टिफिकेट काय असतंय?

संध्याकाळी गल्लीत शिरलो तेव्हा बाबा दारातच उभे. त्यांनी बघितलं, गाडी मी चालवतोय. मग बाकीचे बघितले. शुभासकट चार चिखलाचे पुतळे आणि दोन कोंबड्या. कुणीतरी अपघातातनं वाचून आलंय असंच वाटलं असणार त्यांना.

"विकास, काय झालं रे हे?" मग हळूच, "गाडी येती का हिला?"

दादा खाली उतरला. केसातनं पिंजार काढलं. चप्पल दाराबाहेर काढली.

"येती की," म्हणाला. "थांबायला तेवढं शिकवा."